मानेचं काय एवढं घेऊन बसलात

९ फेब्रुवारी, सकाळ

आमच्या नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या सेक्रेटरीचा फोन आला. हा माझा कॉलेजमधला वर्गमित्र. आवाज इतका मोठा की आम्ही त्याला तेव्हापासून ‘कर्णा’ म्हणतो. एप्रिलमधल्या वार्षिक परिषदेत तू बोलायचंस, म्हणाला. विषय: डोळ्यांच्या डॉक्टरांचं स्वतःचं आरोग्य. मान, पाठ, वजन, मनावरचा ताण, सगळं. कमिटीत एकमताने तुझंच नाव निघालं म्हणाला. मी विचारलं, माझंच का? तर हसून म्हणाला, अरे, तुला बघितलं की विषय आपोआप डोळ्यांसमोर येतो.

कौतुक करायची त्याची पद्धत पहिल्यापासून आडवळणाची.

तसा मी फिटच आहे. वय बावन्न. वजन जरा पुढे सरकलंय, पण उंचीला शोभतं. मान अधूनमधून धरते. डोळ्यांच्या कुठल्या डॉक्टरची धरत नाही? दिवसभर मशीनपुढे मान लांब करून लोकांच्या डोळ्यांत डोकावायचं म्हणजे तेवढं चालायचंच. बगळा जन्मभर तसाच उभा असतो. त्याची मान दुखल्याचं कुणी ऐकलंय?

संकल्प: एप्रिलपर्यंत शरीर असं कमवायचं की मी स्टेजवर चढलो की निम्मं भाषण तिथेच झालं पाहिजे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

हिला सांगितलं. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हिला प्रत्येक गोष्टीत पायऱ्या लागतात. म्हणाली, सुरुवात कधी? म्हटलं, सोमवारी. म्हणाली, आज सोमवारच आहे.

म्हटलं, पुढच्या.

१६ फेब्रुवारी, पहाट

उठलो. बूट घातले. बाहेर अंधार. अंधारात पाय मुरगळला तर ओपीडी बंद, पेशंट वाऱ्यावर. जबाबदार डॉक्टर आधी पेशंटचा विचार करतो. बुटांसकट पुन्हा पडलो.

तोच दिवस, सव्वाआठ

आता उजाडलंय, पण ऊन आहे. कडक ऊन डोळ्यांना वाईट, हे मी रोज लोकांना सांगतो. स्वतःच कसं मोडायचं?

१९ फेब्रुवारी

मोठा शोध. आपण पेशंटना सांगतो की स्क्रीनपुढे बसलात तर दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब, वीस सेकंद बघा, डोळ्यांना आराम मिळतो. हे मी स्वतः कधीच पाळलं नव्हतं. आजपासून पाळतोय. दर वीस मिनिटांनी खुर्ची वळवून खिडकीतून समोर बघतो. समोर बेकरी आहे. इतकी वर्षं इथे बसतोय, पण काचेच्या कपाटातल्या वरच्या फळीवर काय असतं हे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळ्यांना खरोखर आराम पडला.

२१ फेब्रुवारी

वीस फुटांवरून क्रीम रोल आणि पफ यांतला फरक ओळखता येतो. माझी नजर अजून उत्तम आहे.

नुसतं बघण्यापेक्षा तिथपर्यंत चालत जाणं मानेला जास्त चांगलं. गेलो. येताना रिकाम्या हाताने येणं बरं दिसलं नसतं.

सिस्टरनी (ऑपरेशन थिएटर त्याच बघतात, माझ्या आधीपासून इथे आहेत) माझ्या शर्टावरचे कण झटकले आणि म्हणाल्या, सर, तपासताना पेशंटच्या डोळ्यात पडतील.

२४ फेब्रुवारी

नवीन स्टूल आलं. पाठीसाठी खास बनवलेलं, घोड्याच्या खोगिरासारखं. त्याच्यावर बसलं की कणा आपोआप सरळ होतो, असं पत्रकात लिहिलंय. पत्रकातला तरुण त्याच्यावर हसत बसलाय.

दुपारी १२. बसलो. कणा सरळ झाला. मग स्टूल पुढे निघालं. समोर एक आजीबाई हनुवटी मशीनवर टेकवून बसल्या होत्या. मी त्यांच्या मांडीवर जाणार तेवढ्यात त्यांनीच मला दोन्ही खांद्यांना धरून थोपवलं. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना धड काही दिसत नव्हतं, तरी म्हणाल्या, सावकाश, बाळा.

स्टूल कोपऱ्यात ठेवलंय. दोष माझा नाही. फरशी गुळगुळीत आहे.

२७ फेब्रुवारी

सकाळी उठलो तर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट झोपलेलं. बाकी मी जागा. थोडं झटकल्यावर दोघंही आले. बहुधा उशीच चुकीची.

चहाचा कप हातातून सुटला. या नवीन कपांचे कान फार बारीक करतात. कंपनीला कळवायला हवं.

३ मार्च

सासरेबुवांनी आज अखेर होकार दिला.

ते गेली काही वर्षं आमच्याकडेच असतात. वय ऐंशी. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, डाव्यात जास्त. हल्ली खुंटीवरच्या कोटाला नमस्कार करतात आणि उत्तर आलं नाही की रागावतात. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायचे. जास्त आग्रह केला तर म्हणायचे, करायचं तर जावयानेच, आणि जावयाला वेळ होईल तेव्हा. आज हिने त्यांना वर्तमानपत्र उलटं धरून वाचताना पकडलं. मग कबूल झाले. २ एप्रिल ठरली.

माझ्या हातावर त्यांचा केवढा विश्वास! लेकीवरही नसेल.

ही मात्र माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली, बोटांचं काय ते आधी दाखवून घ्या. म्हटलं, अगं, परिषद होऊ दे, मग निवांत.

७ मार्च

पोहणं. सर्व व्यायामांचा राजा. मानेवर अजिबात ताण नाही.

गेलो. तलावात चष्मा चालत नाही आणि माझा नंबर मोठा. तरी कडेला उभ्या असलेल्या एका गृहस्थांना मी ओळखीचा हात केला. त्यांनी केला नाही. अशांना जिंकायचं असतं. मी पाण्यात उभ्याउभ्या त्यांना सांगितलं, सुरुवातीला सगळ्यांनाच भीती वाटते, उतरा बिनधास्त. बराच वेळ धीर दिला. मग जीवरक्षकाने येऊन त्यांच्या अंगावरचा टॉवेल काढून नेला. स्टँड होता.

क्लोरीन डोळ्यांना वाईटच. पोहणं बंद.

११ मार्च

हिने मला न विचारता फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली. बाई तरुण, पण आवाज हेडमास्तरांसारखा. मान वळवायला लावली, हात उचलायला लावले, बोटांवर टाचणी टोचून विचारलं, टोचतंय का? म्हटलं, टोचायला सुरुवात केलीत की सांगेन. म्हणाल्या, केव्हाची टोचतेय.

त्यांचं मत: मानेतली नस दबतेय. एमआरआय करा, बसायची पद्धत बदला आणि तोवर ऑपरेशनं थांबवा.

थोडक्यात, थोडा आराम सांगितला आहे. परिषदेनंतर बघू.

१३ मार्च

फिजिओबाई आज माझ्या ओपीडीत आल्या. कसे बसता ते बघते, म्हणाल्या. कोपऱ्यात उभं राहून भराभर फोटो काढले. पुढून, मागून, बाजूने. मी नेहमीसारखाच बसलो होतो, उगाच देखावा केला नाही. नंतर विचारलं, चेहरा झाकून हे फोटो डॉक्टरांना शिकवायला वापरले तर चालेल का? म्हटलं, अवश्य! जाताना म्हणाल्या, इतकं एका माणसात सहसा सापडत नाही.

कबूल आहे, बरं वाटलं. घरी आल्यावर हिला सांगितलं. हिला एकदम खोकला आला.

१५ मार्च

नवीन घड्याळ. मनगटावर बसून आपल्यावर लक्ष ठेवतं. बराच वेळ बसून राहिलं की गुरगुरतं आणि ‘उठा’ असं दाखवतं.

सकाळी एका पेशंटच्या डोळ्याचा पडदा तपासत होतो, तेव्हा गुरगुरलं. मी म्हटलं, गप्प बस. पेशंट गप्प बसला. नंतर काय होतंय ते सांगेनाच. निम्मी तपासणी खुणांनी झाली.

दुपारी बेकरीवाल्याशी कालच्या शिळ्या पफवरून वाद झाला, तर घड्याळाने अभिनंदन केलं: उत्तम व्यायाम, असाच चालू ठेवा. म्हणजे भांडणालाही शास्त्रीय बैठक आहे.

२० मार्च

ऑपरेशनचा दिवस. तयारी करताना हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. पेशंट अजून बाहेर होता, काही बिघडलं नाही. सिस्टरनी चिमट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग धाकट्या मॅडमकडे.

धाकट्या मॅडम म्हणजे माझ्या हाताखालच्या सर्जन. मीच शिकवलं त्यांना. अजूनही माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतात. हळूच म्हणाल्या, सर, आजच्या केसेस मी केल्या तर चालतील का? मला हात साफ करायचा आहे.

तरुणांना काय हौस असते! म्हटलं, करा. मी शेजारी बसून मार्गदर्शन केलं. त्यांच्या बसण्यात दोष काढले. पाठ सरळ ठेवा, मान पुढे नको, या वयात सवय लागली की लागली. त्या मान डोलवत होत्या. सिस्टर छताकडे बघत होत्या.

२३ मार्च

पुढच्या आठवड्याची यादी बघितली. सगळ्या केसेस धाकट्या मॅडमच्या नावावर. माझ्या नावावर फक्त सासरेबुवा. सिस्टरना विचारलं, हे कुणी केलं? म्हणाल्या, सर, तुम्ही आता मोठे झालात. निवडक करायचं.

बरोबर आहे. मोठे सर्जन निवडकच करतात.

२६ मार्च

मनाचं आरोग्य राहूनच गेलं होतं. आजपासून ध्यान. ओपीडीत दोन पेशंटच्या मधे डोळे मिटून बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं.

लक्ष दिलं. डोळे उघडले तर समोरच्या खुर्चीवर एक बाई, तिचा नवरा आणि दारात सिस्टर. नवरा म्हणाला, डॉक्टर, उठवणार नव्हतो, पण आमची गाडी आहे. श्वासाचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला म्हणे. याचा अर्थ श्वास खोल होता.

१ एप्रिल

उद्या सासरेबुवांचं ऑपरेशन.

सकाळी शर्टाचं वरचं बटण लागेना. बटण बोटांत होतं, पण काजात जाईना. दोनदा, तीनदा. ही शाळेला निघाली होती. दारातून परत आली, बटण लावलं आणि हात तिथेच ठेवून उभी राहिली. हिने काहीतरी बोलावं म्हणून मी वाट बघत होतो. बोलली नाही. तयार केलेली उत्तरं सगळी फुकट गेली.

संध्याकाळी सासरेबुवांच्या खोलीत गेलो. विचारत होते, भूल देणार का? म्हटलं, नाही, फक्त थेंब. मग मला सगळं दिसणार? म्हटलं, उजेड दिसेल, रंग दिसतील. ते खुश झाले. कुठले रंग? मी इतक्या वर्षांत हे कुणाला विचारलंच नव्हतं. म्हटलं, तुम्हीच बघून सांगा.

मग म्हणाले, जावईबापू, मला भीती वाटत नाही असं मी लेकीला सांगितलंय. तुम्ही फोडू नका.

म्हटलं, नाही. माझंही तसंच काहीसं आहे, हे मात्र तोंडातून निघालं नाही.

२ एप्रिल

पहिलीच केस. सासरेबुवा हिरवा गाऊन घालून टेबलावर झोपले. थेंब घातले. चेहऱ्यावर कापड, फक्त डावा डोळा उघडा. मी डोक्याशी बसलो, मायक्रोस्कोप खाली घेतला, पाय पेडलवर ठेवले. झोपेतही करू शकेन असं काम. सिस्टरनी माझ्या हातात ब्लेड दिलं.

दिलं, असं मला दिसलं. कळलं नाही.

म्हणजे ब्लेड अंगठा आणि बोटाच्या मधे होतं. मायक्रोस्कोपमधून त्याचं टोक लख्ख दिसत होतं. पण ते मी धरलंय की कुणी तिथे नुसतं ठेवलंय, हे बोटांना सांगता येईना. वाटलं, जमेल. बोटांना कळत नसेल तर डोळ्यांनी बघून करू. आजवर केलंय की.

तेवढ्यात कापडाखालून सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, मी अजिबात हलत नाहीये ना?

म्हटलं, नाही बाबा, अगदी स्थिर आहात.

मग झालं तर, म्हणाले. आता तुम्ही बघा.

मी ब्लेड ट्रेमध्ये ठेवलं आणि उठलो.

धाकट्या मॅडम शेजारी तयारच होत्या. त्यांना म्हटलं, या, तुम्ही बसा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. सिस्टरनी नवीन ब्लेड उघडलं. मी टेबलाच्या कडेने पुढे गेलो आणि कापडाखाली हात घालून सासरेबुवांचा हात धरला. गार पडला होता.

हे कोण, त्यांनी विचारलं. म्हटलं, मीच. मग डोळ्यापाशी कोण? म्हटलं, बाबा, माझ्या हाताला आज बरं नाही. आमच्या धाकट्या मॅडम करतील. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. चालेल ना? नको असेल तर आपण थांबू.

म्हणाले, त्यांचा हात हलका आहे हे आधी सांगायचं नाही का? मी उगाच तीन वर्षं तुमच्यासाठी थांबलो.

धाकट्या मॅडमचे खांदे हलले. त्यांनी दोन्ही हात वर उचलून हसू पूर्ण संपेपर्यंत वाट बघितली, मग सुरुवात केली. फार सुंदर केलं त्यांनी. मी एकही दोष काढला नाही. मधे सासरेबुवा अगदी हळू बोलले, निळा आहे, कडेला गुलाबी. आणि माझा हात दाबला. डाव्या हाताने धरलं होतं म्हणून मला ते कळलं.

नोंद: हा निर्णय ऐनवेळचा नव्हता. तरुण सर्जनना वाव द्यायचं धोरण मी फार दिवसांपासून आखत होतो.

सगळं झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. घाम आला होता. पुन्हा धुतलं.

३ एप्रिल

सासरेबुवांची पट्टी काढली. बराच वेळ ते खोलीकडे बघत होते. पडद्याचा रंग हिरवा आहे हे त्यांना नव्याने समजलं, इतके दिवस राखाडी समजत होते. हिला जवळ बोलावून म्हणाले, तू इतकी दमलेली दिसतेस, मला कुणी सांगितलं का नाही? ही हसता हसता रडायला लागली.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. वरून खाली बघितलं. मग स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मोठी माणसं जावयाचा मान ठेवतात, ते असं.

८ एप्रिल

भाषण तयार. एकूण स्लाइड भरपूर. पहिली: ‘मी हे कसं साधलं’. बाकीच्या अजून रिकाम्या आहेत, पण ओघात सुचेल. सूट घालून बघितला. धोब्याने आखडवलाय.

१२ एप्रिल, परिषदेहून परत

सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या माझ्याच लक्षात वेगळं राहील.

माझ्या आधी फिजिओबाईंचं सत्र होतं. सभागृह भरलेलं. मी दुसऱ्या रांगेत, शेजारी एक ज्येष्ठ डॉक्टर. पडद्यावर फोटो आला. एक डॉक्टर पेशंट तपासतोय, डोळ्यांवर ओळख झाकायची काळी पट्टी. मान कासवासारखी बाहेर, पाठीची कमान, एक खांदा कानाला चिकटलेला, पोट टेबलाच्या कडेवर टेकवून ठेवलेलं. सभागृहात हशा. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. शेजाऱ्यांना म्हटलं, असले लोक पेशंटना काय सांगणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि मला एक पेपरमिंटची गोळी दिली.

दुसरा फोटो बाजूने घेतलेला. खिडकीतून समोर बेकरी दिसत होती. म्हटलं, काय योगायोग बघा, याच्याही समोर बेकरी!

तिसऱ्या फोटोत दारात सिस्टर उभ्या होत्या. आमच्या.

तोंडातली गोळी गिळली गेली.

तेवढ्यात कर्णा माइकवर आला. त्याला खरं तर माइक लागत नाही. म्हणाला, ज्यांच्यामुळे आजचा विषय सुचला, ते आपले मित्र आता बोलतील. प्रचंड टाळ्या. पायऱ्या चढून वर जाईपर्यंत दम लागला. त्यामुळे माझ्या भावना दाटून आल्यात, असा लोकांचा समज झाला असावा. मी माइकपाशी उभा राहिलो. मागच्या पडद्यावर माझी पहिली स्लाइड आली की नाही हे बघायला मान उजवीकडे वळवली. आली होती. ‘मी हे कसं साधलं’.

मान परत येईना.

तशीच राहिली, उजवीकडे. श्रोते डावीकडे. मी पडद्यालाच म्हटलं, मित्रहो. फिजिओबाई धावत वर आल्या, माझे खांदे धरले, म्हणाल्या, सर, हलू नका. आणि मला वाटलं मदत करतायत, तर त्यांनी माइक घेतला आणि श्रोत्यांना म्हणाल्या, नीट बघा, हे असं होतं. मग कुठला स्नायू धरलाय, तो का धरतो, कुठे दाबायचं, सगळं माझ्यावर दाखवलं. मागच्या रांगेतली मंडळी उठून पुढे आली. कुणीतरी व्हिडिओ काढला. परिषदेतलं सर्वांत यशस्वी सत्र, असं नंतर कर्णाने जाहीर केलं.

चहाच्या वेळी एक नवल. एकेक डॉक्टर मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघून, हळू आवाजात विचारायचा: तुझीही बोटं झोपतात का? पहिल्याला म्हटलं, छे, उशीमुळे. दुसऱ्याला म्हटलं, अधूनमधून. तिसरे म्हणजे ते पेपरमिंटवाले ज्येष्ठ डॉक्टर. त्यांनी कप डाव्या हातात धरला होता. उजवा हात त्यांनी खिशातून काढलाच नाही.

त्यांना हो म्हटलं. आणि ऑपरेशन सोडून उठलो ते सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, जड गेलं का? म्हटलं, बसून राहणं जास्त जड गेलं असतं.

हे वाक्य भाषणात असायला हवं होतं. सुचतं ते नेहमी चहाच्या वेळी.

१४ एप्रिल

एमआरआय झाला. नस दबलीच आहे. पण वेळेत आलात, बोटं परत येतील, असं मणक्याचे डॉक्टर म्हणाले. तोवर ऑपरेशनं पूर्ण बंद. थोडे दिवस गळ्यात पट्टा. बाकी सगळं फिजिओबाईंच्या हातात.

पहिला व्यायाम शिकवला: हनुवटी आत ओढायची, इतकी की खाली दुसरी हनुवटी तयार झाली पाहिजे. म्हटलं, ती माझ्याकडे आधीपासून आहे. बाई पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, तिसरी करा.

१९ एप्रिल, सकाळ

आज चालायला गेलो. खरोखर गेलो.

फिजिओबाईंचा हुकूम आहे की चाला, पण पट्टा लावून आणि सोबत कुणीतरी घेऊन. ही शाळेच्या परीक्षांत गुंतलेली. घरात मोकळे फक्त सासरेबुवा. म्हटलं, वय झालंय त्यांचं, त्यांना झेपेल अशा बेताने चालू, मधेमधे थांबू.

थांबलो. बहुतेक वेळा मी. ते पुढे जायचे, एखाद्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचायचे, मी पोहोचेपर्यंत तिथली बारीक अक्षरंही वाचून व्हायची. एका पाटीत दोन चुका काढल्या. मग म्हणाले, मी पुढच्या कोपऱ्यावर थांबतो, तुम्ही या निवांत.

कोपऱ्यावर रस्ता ओलांडायचा होता. ते ओलांडून गेलेसुद्धा. मी अलीकडे उभा. पट्ट्यामुळे मान वळत नाही, त्यामुळे उजवीकडे बघायचं तर कपाटासारखं सगळंच वळावं लागतं. उजवीकडे वळलो, तोवर डावीकडून हॉर्न. डावीकडे वळलो, तर उजवीकडून कुणीतरी ओरडलं. खाली तर बघताच येत नाही, पाय फुटपाथवर आहेत की रस्त्यावर हेही अंदाजाने. एक शाळकरी मुलगी शेजारून आरामात ओलांडून गेली. एक कुत्राही गेला.

मग सासरेबुवा परत आले. माझा उजवा हात हातात घेतला. पहिल्यांदा डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, नवीन डोळ्याने, अगदी चवीने.

डावीकडे कुणी नाही, म्हणाले. उजवीकडे एक सायकल आहे, पण लांब आहे. निळी. मागच्या चाकाला मडगार्ड नाही. चला.

निघालो. मधेच म्हणाले, घाई नको, मी धरलंय. फुटपाथ आला की सांगतो.

आला, त्यांनी सांगितलं. मी पाय उचलला.